बाबांना काय हवंय ते सांग

तुझा पाच मिनिटांचा स्टँड-अप कॉमेडीचा सेट दोनदा पाहिला. लोक हसले तरी घरी जाऊन रडू का आलं, असं विचारतेस. व्हिडिओ परत लाव आणि नीट ऐक, तू बाबांचा आवाज काढलास आणि पंच, म्हणजे हसवणारी ओळ, यायच्या आधीच लोक हसले. ते हसू तुझ्या जोकला नव्हतंच, बाबांच्या ॲक्सेंटला होतं. तेच वाक्य स्वतःच्या आवाजात म्हणून बघ, हसू गेलं तर जोक अजून लिहायचाय.

आवाज काढूच नकोस असं नाही म्हणत गं. कॉमेडियन रसेल पीटर्स बाबांचा आवाज काढतो, मार्गारेट चो आईचा काढते, पण त्यांच्या जोकमधले आई-बाबा काहीतरी मागत असतात, दटावतात, अडून बसतात. ब्रिटिश कॉमेडियन रोमेश रंगनाथनने तर 2015 च्या टीव्ही सिरीजमध्ये खऱ्या आईलाच आणलं, आणि ती त्याला बरोबर सुनावते. तुझ्या सेटमधल्या बाबांना काय हवंय? काहीच नाही, ते नुसते बोलतात. मग लोक आवाजालाच हसणार ना!

आणि सोनं तू घाईत सांडून गेलीस. बँकेचा फोन ठेवल्यावर बाबा समोरच्याचं नाव आणि वेळ वहीत लिहून ठेवतात, हे एका दमात बोलून पुढे पळालीस. अगं थांब तिथे! का लिहितात? उद्या कुणी 'तुमचा फोन आलाच नव्हता' म्हटलं तर पुरावा हवाय त्यांना. हे हवंय बाबांना. यावर दोन मिनिटं निघतात, टॅग, म्हणजे पंचनंतर जोडलेल्या छोट्या ओळी, वेगळे.

मला एका शो लावणाऱ्याने सरळ सांगितलेलं, वडिलांचा आवाज काढ, नाहीतर स्पॉट नाही. मी नाही म्हटलं. बरोबरचे टूरवर गेले आणि मी कित्येक वर्षं रात्री शेवटी, अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांसमोर उभा राहिलो, लोक हट्टी म्हणतात तर म्हणू देत. बाबांनी माझा एकही शो न बघताच डोळे मिटले याची खंत आहे, पण आले असते तर त्यांना मान खाली घालून बसावं लागलं नसतं, हे मी कुणालाही ठासून सांगेन.

तर रविवारपर्यंत नवीन पाच मिनिटं पाठव, पूर्ण तुझ्या आवाजात. आणि शेवटी ती आई कशाला आणलीस? तिला काय हवंय ते तुलाच अजून माहीत नाही, तोवर काढ तिला.