डबा भिजला, आता?

प्रश्न : आम्ही आठवीतल्या चौघींनी उपवन तलावाजवळ सोसायटीच्या बागेत, चेअरमनकाकांना विचारून, श्रीखंडाच्या डब्यात जिओकॅश लपवला (म्हणजे जीपीएसवरून शोधायचा डबा; सापडला की आतल्या वहीत नाव लिहायचं). जुलैच्या पावसात आतली वही भिजून लगदा झाली. नवा डबा येऊरच्या जंगलात ठेवू का? — एक विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर : अगं, वाईट वाटून घेऊ नकोस. माझा पहिला डबाही श्रीखंडाचाच होता. झाकणाला केसाएवढी चीर पडली आणि शोधणाऱ्यांची सगळी नावं वाहून गेली. अजून हळहळते मी. रबरी कडा असलेला, चारही बाजूंनी क्लिप लागणारा डबा घ्या. वही झिपच्या पिशवीत, सोबत पेन्सिल. पेनाची शाई ओलीत पसरते. खाऊ अजिबात नको, मुंग्या-उंदीर डबा सोडत नाहीत. डब्यावर ‘जिओकॅश’ आणि मराठीत दोन ओळी लिहा, म्हणजे वॉचमनकाका घाबरणार नाहीत. दुरुस्ती होईपर्यंत जिओकॅशच्या साइटवर तो तात्पुरता बंद ठेवा, कुणाची फेरी फुकट जायला नको.

येऊर मात्र नको. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे बिबटे आहेत. डबा बागेतच राहू दे. पावसाळ्यात दर रविवारी एकीने झाकण उघडून बघायचं. पाळी आजच ठरवा.