सोलापूरच्या उन्हाळ्यात साउरडो ब्रेड जमतो का? त्यात ज्वारीचं पीठ चालेल का?

जमतो. साउरडो म्हणजे विकतचं यीस्ट न घालता, आंबवलेल्या पिठाच्या विरजणानं फुगवलेला ब्रेड. तुम्ही लिहिलंय की रेसिपीप्रमाणे पीठ रात्रभर ओट्यावर ठेवलं आणि सकाळी ते परातीत पसरून आंबट, चिकट झालं होतं. माझे पहिले तीन-चार ब्रेड असेच गेले. त्या रेसिप्या २२-२४ अंशांच्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेल्या असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, रात्रीही ओटा गरमच. पीठ वाजवीपेक्षा जास्त आंबलं की ग्लुटेनची, म्हणजे गव्हाच्या पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनाची, जाळी सैल पडते आणि मग ते काही केल्या उभं राहत नाही. त्यात गिरणीचं पीठ ताजं आणि कोंड्यासकट असतं, ते आणखी लवकर आंबतं.

म्हणून उन्हाळ्यात घड्याळ बघू नका, पीठ बघा. मी ३२० ग्रॅम गव्हाच्या पिठाला ४० ग्रॅमच स्टार्टर (आंबवलेल्या पिठाचं विरजण) घालते, थंडीत ८०. पाणी माठातलं. मळलेलं पीठ सरळ कडांच्या डब्यात ठेवून त्याच्या उंचीवर रबर लावते, डबा पाण्याच्या परातीत ठेवते आणि वर ओलं फडकं टाकते. आपली हवा कोरडी, त्यामुळे फडक्यानं चांगला गारवा येतो. पीठ दीडपट झालं की थांबायचं, दुप्पट व्हायची वाट बघायची नाही. मे महिन्यात याला तीन-चार तासच लागतात. मग आकार देऊन रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी २३० अंशांवर, झाकणाच्या जाड भांड्यात २५ मिनिटं, झाकण काढून आणखी २०. पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका, आतून गिच्च लागतो.

आता ज्वारी. तिच्यात ग्लुटेन नाही, म्हणून एकूण पिठाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त घालू नका. पण तेवढी जरूर घाला, आणि कोरडी नको. पिठाची विरी (चिकटपणा) गेली की भाकरीसाठी आपण गरम पाण्यात मळतो ना, तीच युक्ती इथे लागू पडते: ८० ग्रॅम ज्वारीच्या पिठावर १२० ग्रॅम उकळतं पाणी ओतून ढवळायचं, गार करायचं आणि मग गव्हाच्या पिठात साधारण १९० ग्रॅम पाणी, स्टार्टर आणि ८ ग्रॅम मिठासोबत मिसळायचं. या उकडीनं ब्रेड दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. मला शाळूची, मंगळवेढ्याकडची मालदांडी जातीची ज्वारी मिळाली तर तिची चव सगळ्यात आवडते.

रोजच्या नाश्त्याला मात्र ब्रेडच हवा असा हट्ट धरू नका. ज्वारीच्या कण्या रात्री भिजवा, सकाळी चौपट पाण्यात मीठ घालून मऊ शिजवा, कोमट झाल्या की ताक ओता. सोबत शेंगा चटणी. माझी मुलं ब्रेडपेक्षा आधी याच वाटीला हात घालतात.