छोट्या क्लिप टाकून पोरांना धम्म शिकवता येतो काय?

तुम्ही म्हणता रविवारी विहारात पोट्टे येत नाहीत, तर मोबाईलवर एक-एक मिनिटाच्या क्लिपमधून शिकवणं जमेल काय. जमते, पण सगळं नाही जमत. मी इथे नागपूरला विहारात पोरांचा वर्ग घेतो, दोन वर्षं झाली हे करून पाहतोय.

सगळ्यात छान जमलं ते पंचशील, म्हणजे वागण्याचे पाच नियम. पोरांना पाठ असते, झोपेतून उठवलं तरी म्हणतील, पण "वेरमणी" म्हणजे काय विचारलं की एकमेकांची तोंडं पाहतात. मग पाच दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर पाच ऑडिओ टाकले, रोज एकच शील, आधी हळूहळू पाली आणि मग अर्थ, म्हणजे वेरमणी म्हणजे अलिप्त राहणं आणि "सिक्खापदं समादियामि" म्हणजे हा शिकण्याचा नियम मी स्वतःहून घेतो, वरून कोणी हुकूम सोडलेला नाही. त्यावर एका पोरीचा मेसेज आला, मग नाही पाळलं तर शिक्षा कोण देते? अख्खा रविवार त्यातच गेला.

धम्मदीक्षेच्या वेळच्या बाबासाहेबांच्या 22 प्रतिज्ञा पण रोज एक अशा टाकल्या. 23 सप्टेंबरला सुरू केलं की शेवटची बरोबर 14 ऑक्टोबरला येते, 1956 ला बाबासाहेबांनी दीक्षा दिली ती तारीख (दसरा मागेपुढे होते म्हणून आम्ही तारीखच धरली).

फसलं ते प्रतीत्यसमुत्पाद, म्हणजे एकातून दुसरं होत दुःख कसं तयार होते ती कारणांची साखळी. तिच्या 12 कड्या, म्हणजे निदानं, दीड मिनिटात कोंबली, सगळ्यांनी अंगठा टाकला, रविवारी विचारलं तर तिसऱ्यापुढे कोणी जाईना. चूक माझीच.

तेव्हापासून अवघड विषय असला की क्लिपमध्ये मी उत्तरच देत नाही. सिद्धार्थानं घर काहून सोडलं? म्हातारा, आजारी माणूस आणि प्रेत पाहिलं म्हणून, हे पोरांनी ऐकलेलं असते. पण 29 वर्षांच्या माणसाला त्याआधी हे कधी दिसलंच नसेल काय, ही शंका बाबासाहेबांनी "बुद्ध आणि त्याचा धम्म" मध्ये घेतली आहे, तेवढी विचारायची आणि क्लिप बंद. त्यावर बाबासाहेबांचं उत्तर, म्हणजे रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य (सिद्धार्थाचे लोक) आणि शेजारच्या कोलियांचं भांडण, युद्धाचा ठराव, सिद्धार्थाचा विरोध, हे सगळं पुस्तक उघडून विहारात, समोरासमोर. पोट्टे लगेच टँकरच्या लायनीतल्या भांडणावर येतात, येऊ द्यायचं.

आणि हो, क्लिपला मागून म्युझिक लावू नका, आमच्या पहिल्या क्लिपमधली पोरांना फक्त बासरीच लक्षात राहिली होती.