समुद्रतळाचा गाळ प्राणी किती ढवळतात, हे कसं मोजतात?

तुम्ही खानापूरचे, म्हणून भातशिवारातलंच सांगतो. बांधाला खेकड्याचं बीळ पडलं की पाणी तिथून निसटतं. समुद्रतळावरही बिळांतून प्राणवायूचं पाणी गाळात खोल उतरतं. तो हिशेब मात्र वेगळा करतात. तुमचा प्रश्न कणांचा आहे: शेतात गांडूळ करतं ते तळावर कृमी, शिंपले, खेकडे करतात, बहुतेक वरच्या दहाएक सेंटिमीटरांतच.

एकेका किड्याची धावपळ कोण मोजणार? म्हणून गोल्डबर्ग आणि कोइडे यांनी १९६२ साली सगळ्यांची मिळून हालचाल पाण्यात शाई पसरावी तशी धरली. त्या पसरण्याचा एकच गुणांक काढायचा.

नळीने गाळाचा उभा नमुना काढून सेंटिमीटरभराच्या चकत्या करतात. कडेचा गाळ आधी खरवडून टाकायचा. नळीला घासून वरचे कण खाली आलेले असतात. प्रत्येक चकतीतलं शिसे-२१० हे किरणोत्सारी शिसं मोजायचं (अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे २२ वर्षं) आणि गाळातल्याच रेडियमपासून बनलेलं त्यातून वजा करायचं.

समजा उरलेलं शिसं दर ५ सेंमीला निम्मं होतं. खोलीनुसार ते घटण्याचा उतार ०.६९३ (२ चा नैसर्गिक लॉगरिदम) ÷ ५ = ०.१३९. गाळ साचतच नाही असं धरलं, तर गुणांक येतो शिशाच्या ऱ्हासाचा वार्षिक दर ०.०३११ भागिले उताराचा वर्ग, म्हणजे वर्षाला सुमारे १.६ चौरस सेंमी. पण वर्षाला १ मिमी गाळ साचत असेल, तर ०.०३११ मधून ०.१ × ०.१३९ आधी वजा करावं लागतं, उत्तर ०.९ वर येतं. आणि प्राणी अजिबात नसून वर्षाला २.२ मिमी गाळ नुसता साचत असेल, तरी खोलीनुसार शिशाचा आलेख हुबेहूब हाच! बहुतेक चुका इथंच होतात.

म्हणून जोडीला थोरियम-२३४ हे किरणोत्सारी थोरियम घ्यावं. त्याचं अर्धायुष्य २४ दिवसांचं. ते ४ सेंमी खोल सापडलं तर कुणीतरी तिथं नेलंच, साचून इतक्या लवकर पोचणं शक्य नाही. थोरियमचा गुणांक पुष्कळदा शिशाच्या कितीतरी पट येतो. ती मोजणीतली चूक समजू नका. ताज्या कणांत खाणं जास्त, प्राणी तेच निवडून हलवतात, आणि थोरियम नेमकं ताज्या कणांवर असतं.

काही कृमी डोकं खाली करून खोलचा गाळ खातात नि वर टाकतात, काही वरचं अन्न थेट खोल बिळात नेतात. ही उडी झाली, पसरणं नव्हे. आलेखात खाली मध्येच फुगवटा दिसला, तर हा गुणांक काढूच नका. या थरातून त्या थरात थेट नेण्याचं पद समीकरणात घाला, नाहीतर संगणकावर कणांची जाळी मांडून त्यात एकेक प्राणी चालवा.