बाळंतपणानंतर पोट घट्ट बांधलं की आत जातं का?

नाही, पट्ट्याने किंवा जुन्या लुगड्याने आवळून पोट आत जात नाही. मी कोल्हापुरात फिजिओथेरपिस्ट आहे, बाळंतिणींना व्यायाम शिकवते. प्रसूतीनंतर लगेच गर्भाशय साधारण 1 किलोचं असतं, 6 आठवड्यांत ते 100 ग्रॅमच्या आसपास येतं. बांधा न बांधा, हे होतंच. खरा प्रश्न पोटाच्या मधल्या स्नायूंत पडलेल्या फटीचा. उताणं झोपून गुडघे दुमडा, डोकं जरा उचला आणि बेंबीच्या वर बोटं टेकवून बघा. दोनपेक्षा जास्त बोटं मावत असतील तर सिट-अप्स नकोतच. श्वास सोडत पोट हलकेच आत ओढायचं, अंथरुणातून उठताना कुशीवर वळून उठायचं, एवढ्यावरच सुरुवात करा. घरातली मोठी माणसं आग्रह करतील, तरी घाई नको.

सिझर झालं असेल तर मात्र पट्टा जरूर वापरा, खोकताना-उठताना टाक्यांना आधार मिळतो. फक्त श्वास कोंडेल इतका आवळू नका, दाब खाली ओटीपोटाच्या तळाच्या, लघवी रोखून धरणाऱ्या स्नायूंवर येतो. शिंकताना लघवीचे थेंब गळत असतील तर लाजून गप्प बसू नका, कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात दाखवा. या स्नायूंच्या व्यायामाने ते बहुतेकींचं सुधारतं.