पहिल्या पावसातला ट्रेक आणि मुलाची भीती

पावसाळा तोंडावर आला की पुण्यातील माझ्या समुपदेशन कक्षात एक प्रश्न हमखास येतो: मुलांना लहानपणीच डोंगराची सवय लावली नाही, तर ती भित्री होतील का? प्रश्न विचारणारे वडील बहुधा भटकंतीत मुरलेले असतात आणि शेजारी बसलेली आई गप्प असते. पुढील हकीकत अशाच एका जोडप्याची असून त्यांच्या संमतीने, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून लिहीत आहे.

मागच्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हे कुटुंब लोणावळ्याच्या बाजूने राजमाचीला गेले होते. मुलगा सात वर्षांचा होता आणि तीन वर्षांची मुलगी वडिलांच्या पाठीवरच्या कॅरिअरमध्ये होती. सकाळी ज्या ओढ्यात जेमतेम घोटाभर पाणी होते, तो परतताना गुडघ्याच्या वर चढला होता. मुलगा काठावरच रडत उभा राहिला, तेव्हा अंधार पडायच्या आत पोहोचायचे म्हणून वडिलांनी त्याचा दंड धरून त्याला ओढतच पलीकडे नेले. कोणाला खरचटलेही नाही. मात्र त्यानंतर ढग गडगडले की मुलगा शाळेच्या बसमध्ये चढेनासा झाला आणि आईची झोप उडाली. ‘‘हा म्हणतो, यंदा परत तिथेच नेलं की भीती मोडेल,’’ आई म्हणाली. ‘‘मी नको म्हटलं की मीच घाबरट ठरते.’’ त्यावर वडिलांचे उत्तर तयार होते: ‘‘अहो मॅडम, पण झालं काय? सगळे सुखरूप आलोच ना?’’

अशा वेळी मी बाजू घेत नाही, माहिती विचारते. जूनमधला सह्याद्री आणि ऑगस्टमधला सह्याद्री यांत फरक काय, एवढेच मी त्यांना विचारले आणि ते भरभरून बोलले. उन्हाळाभर वाळून बसलेले शेवाळ पहिल्या सरींनी जिवंत होते आणि कातळ दिसायला स्वच्छ असला तरी पाय ठरत नाही. उन्हाने तडकलेल्या कड्यांतले सुटे दगड याच दिवसांत खाली येतात. वळवाच्या आणि मान्सूनच्या सुरुवातीच्या पावसात विजा अधिक असतात; वीज चमकल्यावर ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती धोक्याच्या अंतरात आहे असे समजावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे उघड्या माथ्यावर जाऊ नये, हा नियमही त्यांना तोंडपाठ होता. ओढ्याविषयी तर त्यांनीच सांगितले की पाऊस वरच्या डोंगरात पडतो आणि आपल्या डोक्यावर आभाळ मोकळे असतानाही लोंढा येतो. पाणी गढूळ होऊन पालापाचोळा व काटक्या वाहू लागल्या की क्षणभरही आत थांबायचे नसते. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, त्यांत लहान मुलेही होती. हा विषय निघाला तेव्हा मात्र ‘‘ते पर्यटक होते, आम्ही ट्रेकर आहोत,’’ असे ते पटकन म्हणाले. फुगलेल्या ओढ्यात सात वर्षांच्या मुलाला हा फरक कसा उपयोगी पडतो, असे मी विचारले, तेव्हा प्रथमच ते थांबले.

त्या शांततेत आईने एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी आपसांतही कधी बोलून दाखवली नव्हती. परतीच्या वाटेवर मुलगी कॅरिअरमध्ये झोपली आहे असे दोघांना वाटले होते. गाडीशी आल्यावर तिला काढले, तर हात गार पडलेले, ओठ निळसर आणि हाक मारली तरी नुसतेच बघणे. पाठीवर ओझे घेऊन चालणाऱ्या बापाला घाम येत असतो, पण कॅरिअरमधले मूल तासन् तास हलत नाही. त्यातच लहान शरीर वजनाच्या मानाने फार लवकर उष्णता गमावते आणि भिजलेला सुती कपडा ती आणखी ओढून घेतो. मूल कुडकुडत असेल तर ते निदान झगडत असते; कुडकुडणे थांबून ते सुस्तावले, तर ओले कपडे काढून, कोरडे घालून, उराशी धरून ताबडतोब मदत गाठायची असते आणि ११२ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

मूळ प्रश्नाचे माझे उत्तर असे होते की या मुलाची भीती हा दोष नव्हता, कारण काठावर उभे राहून त्याने परिस्थितीचा अंदाज बरोबर घेतला होता. त्याला त्याच ओढ्यावर पुन्हा नेऊन भीती मोडायला गेलो, तर आपल्या रडण्याला किंमत नाही एवढेच तो शिकेल. दुसरीकडे, आईने पावसात घराबाहेरच न सोडल्यास ती भीती वाढत जाते, हेही मी तितक्याच स्पष्टपणे सांगितले. म्हणून आम्ही लहान पायऱ्या ठरवल्या: आधी सोसायटीच्या आवारात विंडचीटर घालून भिजणे, मग रिमझिमीत तळजाईची टेकडी, आणि प्रत्येक वेळी ‘आता घरी’ म्हणण्याचा अधिकार मुलाकडे. तो म्हणाला की वळायचे, वाद घालायचा नाही. वडिलांना हीच अट सर्वांत जड गेली.

मोठ्यांसाठी वेगळी बोलणी झाली. परतण्याचा निर्णय डोंगरात, दमलेले असताना आणि वेळ संपत आलेली असताना घेतला की तो नेहमी पुढे जाण्याच्या बाजूने झुकतो. म्हणून तो आदल्या रात्री घरीच कागदावर लिहायचा, असे ठरले. हवामान विभागाचा नारंगी किंवा लाल इशारा असेल तर निघायचेच नाही, ओढा ओलांडावा लागणारी वाट मुलांसोबत घ्यायची नाही, ठरलेल्या वेळी जिथे असू तिथून मागे फिरायचे, आणि दोघांपैकी एकाने ‘नको’ म्हटले तरी ते पुरे. ‘‘मग जून-जुलैत जायचंच नाही म्हणा ना,’’ वडील कुरकुरले. लहान मुलांसोबत खरोखरच जाऊ नये, असे माझे मत आहे आणि मी ते लपवले नाही.

यंदाच्या जूनमध्ये ते एकटेच मित्रांबरोबर गेले. मुलाच्या तळजाईच्या फेऱ्या सुरू आहेत. गडगडाट झाला की तो अजूनही आईचा हात घट्ट धरतो, पण बसमध्ये चढतो. राजमाचीचा बेत पावसाळा ओसरल्यावर ठरवायचा आहे. मुलाने त्याला अद्याप होकार दिलेला नाही आणि तोपर्यंत तो विषय घरात काढायचा नाही, असे दोघांनी कबूल केले आहे.