व्हर्जिनियात उभ्या पोलीस गाडीच्या शेजारून गेल्याचं समन्स: आधी कोड नंबर बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मिस्टर न्यू जर्सीतल्या एडिसनहून रिचमंडला चालले होते, आय-९५ हायवेवर व्हर्जिनियात उजव्या शोल्डरला, म्हणजे रस्त्याकडेच्या पट्टीवर, ट्रूपरने (राज्याच्या हायवे पोलिसाने) कुणाला तरी बाजूला घेतलं होतं, दिवे चमकत होते, मिस्टर अगदी लागूनच्या लेनमधून लिमिटच्या आतल्या स्पीडने गेले आणि पुढे त्यांनाच थांबवून समन्स हातात दिलं. तुम्ही विचारताय की स्पीड बरोबर होता, सायरन नव्हता, गाडी उभीच होती, मग चूक काय? आणि ऑनलाइन पैसे भरून मिटवून टाकू का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण घाई तिथेच आहे. समन्सवर कोड नंबर लिहिलेला असेल तो बघा. ४६.२-८६१.१ असेल तर हे मूव्ह ओव्हरचं, म्हणजे कडेला उभ्या गाडीजवळून जाताना एक लेन सोडून जाण्याचं, कलम आहे आणि पोलीस, फायर, ॲम्ब्युलन्स अशा गाडीच्या बाबतीत व्हर्जिनियात ते २०१९ च्या जुलैपासून रेकलेस ड्रायव्हिंग (बेदरकारपणे गाडी चालवणं) धरतात. म्हणजे क्लास वन मिसडिमीनर, फौजदारी गुन्हा. कायद्यात वरची मर्यादा १२ महिने कैद आणि २,५०० डॉलर दंड. घाबरू नका, ही वरची मर्यादा आहे, पण न्यू जर्सीतलं पार्किंगचं तिकीट भरतो तसं हे भरून विसरून जायचं प्रकरण नाही एवढं नक्की. तुम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहात, पुढच्या व्हिसा स्टॅम्पिंगच्या फॉर्ममध्ये अटक किंवा कन्व्हिक्शन (दोषी ठरणं) झालं का हे विचारतात, त्यामुळे रेकॉर्डवर काय जातंय याला दंडाच्या रकमेपेक्षा जास्त महत्त्व आहे.

आता चूक काय. आपल्याकडे शिकलेलं डोक्यात असतं की मागून ॲम्ब्युलन्स आली तर वाट द्यायची. भारतात २०१९ च्या दुरुस्तीनंतर १९४-ई कलमाखाली त्याला १०,००० रुपये दंड पण आहे. अमेरिकेत तो नियम आहेच, मागून दिवे-सायरन लावून गाडी आली की उजवीकडे घेऊन थांबायचं. पण हा नियम वेगळा आहे, इथे गाडी उभी आहे आणि तुम्ही चालताय. वाट गाडीला द्यायची नाहीये, तिच्या शेजारी रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला जागा द्यायची आहे. ट्रूपर ड्रायव्हरच्या खिडकीशी वाकून लायसन्स मागत असतो, त्याची पाठ ट्रॅफिकच्या बाजूला असते, आणि लेनची पांढरी रेघ त्याच्यापासून कधीकधी हाताच्या अंतरावर असते. तिथून ६५ मैलांनी गाडी गेली, त्यातून अठरा चाकी ट्रक असेल तर नुसत्या वाऱ्याने माणूस हलतो. स्पीड लिमिटच्या आत होतो हे उत्तर म्हणूनच चालत नाही.

हा कायदा आला कसा ते पण सांगतो, कारण ते कळलं की नियम पाठ करावा लागत नाही. १९९४ च्या जानेवारीत साउथ कॅरोलायनात लेक्सिंग्टनला जेम्स गार्सिया नावाचा पॅरामेडिक अपघाताच्या जागी मदत करत होता, त्याला गाडीने उडवलं. तो वाचला, पण चौकशीत चूक त्याचीच ठरली, कारण रस्त्यावर उभं राहून काम करणाऱ्याला संरक्षण देणारा कायदाच नव्हता. त्याने पाठपुरावा केला आणि १९९६ मध्ये त्या राज्यात देशातला पहिला मूव्ह ओव्हर कायदा झाला. असा कायदा करणारं पन्नासावं राज्य हवाई, २०१२ मध्ये. बऱ्याच राज्यांत कायद्याला गेलेल्या माणसाचं नाव आहे. इलिनॉयचा स्कॉट्स लॉ शिकागो फायर डिपार्टमेंटच्या लेफ्टनंट स्कॉट गिलनच्या नावाने आहे, २००० च्या डिसेंबरमध्ये डॅन रायन एक्सप्रेसवेवर अपघाताच्या जागी काम करताना ते गेले. न्यूयॉर्कचा कायदा ट्रूपर ॲम्ब्रोझ आणि डेप्युटी सर्ल्स या दोघांच्या नावाने. मला हे सगळं वाचून खरंच वाटतं की समन्सवर चिडण्याआधी मिस्टरांनी एकदा त्या शोल्डरवर उभं असल्याची कल्पना करावी.

व्हर्जिनियाचा नियम नीट वाचा, कारण तुमची केस त्यातल्या शब्दांवर आहे. एका दिशेला दोन किंवा जास्त लेन असतील तर उभ्या गाडीला लागून नसलेल्या लेनमध्ये जायचं, पण ते सुरक्षित आणि शक्य असेल तरच. नसेल तर सावध राहून परिस्थितीला शोभेल इतक्या सुरक्षित स्पीडने जायचं. टेक्सास किंवा पेनसिल्व्हेनियासारखा ‘लिमिटपेक्षा २० मैल कमी’ असा आकडा इथे नाही. मग मिस्टरांना आठवून विचारा की डावीकडच्या लेनमध्ये ट्रक होता का, गाड्या सलग होत्या का, त्यांनी इंडिकेटर दिला होता का, ब्रेक मारून स्पीड कमी केला होता का, वळणामुळे किंवा चढामुळे दिवे उशिरा दिसले का. डॅशकॅम असेल तर ती क्लिप आजच कॉपी करून ठेवा, बरेच कॅमेरे जुनं पुसून त्यावरच रेकॉर्ड करतात. आणि जे आठवतंय ते आत्ता लिहून काढा, कोर्टाची तारीख येईपर्यंत तपशील पुसट होतात. डावी लेन रिकामी असेल तर तसं वकिलाला स्पष्ट सांगा, उगाच गोष्ट रचू नका. ट्रूपरच्या गाडीत पण कॅमेरा असू शकतो.

वकील त्याच काउंटीत नेहमी ट्रॅफिकच्या केस बघणारा घ्या. एडिसनचा ओळखीचा वकील व्हर्जिनियाच्या जनरल डिस्ट्रिक्ट कोर्टात उपयोगाचा नाही. मी एका मित्राबरोबर अशा कोर्टात गेलो होतो, तिथे स्थानिक वकील केस पुकारायच्या आधीच ऑफिसरशी आणि प्रॉसिक्युटरशी बोलत होते आणि काही केसेस त्यातूनच साध्या इन्फ्रॅक्शनवर, म्हणजे फौजदारी नसलेल्या वाहतूक नियमभंगावर, आल्या. तुमच्याकडे तसंच होईल असं मी म्हणणार नाही. पण मिस्टरांना हजर राहावं लागेल की वकील पुरेल, आधी ड्रायव्हर इम्प्रूव्हमेंटचा (सुरक्षित ड्रायव्हिंगचा) क्लास करून सर्टिफिकेट नेलं तर फरक पडेल का, हे पहिल्याच फोनवर विचारा. इमिग्रेशनच्या वकिलाला पण कागद दाखवा, दोघांची कामं वेगळी आहेत. समन्सवर सही केली म्हणून गुन्हा कबूल केला असं होत नाही, ती फक्त हजर राहण्याची हमी असते. तारीख मात्र चुकवू नका. आपण दुसऱ्या राज्यात राहतो, कोण शोधत येणार असं काही लोक सांगतील, त्यांचं अजिबात ऐकू नका, दोन्ही राज्यं ड्रायव्हर लायसन्स कॉम्पॅक्ट या राज्यांमधल्या करारात आहेत आणि माहिती पोचते.

पुढे गाडी चालवताना काय करायचं तेही लिहितो कारण घाबरून लोक उलटं करतात. लांबून दिवे दिसले की आधी ॲक्सिलरेटर सोडा, आरसा बघा, इंडिकेटर द्या, मान वळवून ब्लाइंड स्पॉट बघा आणि मग सावकाश एक लेन सोडा. जागा नसेल तर त्याच लेनमध्ये हळू व्हा. हायवेवर पूर्ण थांबायचं नाही, आणि करकचून ब्रेक तर अजिबात नाही, मागच्याला काही कळायच्या आत तो तुमच्यावर येईल. पोलीस डाव्या शोल्डरला असतील तर उजवीकडे सरका. एकेरी लेनच्या रस्त्यावर हळू व्हायचं, पिवळी दुहेरी रेघ ओलांडायची नाही.

इतर राज्यांत दंडाचे आकडे वेगळे आहेत. पेनसिल्व्हेनियात पहिल्या वेळी ५०० डॉलर आणि लायसन्सवर २ पॉइंट. तुमच्या न्यू जर्सीत १०० ते ५०० डॉलर. इलिनॉयमध्ये कमीत कमी २५०, वर १०,००० पर्यंत. कॅनडात ऑन्टारियोत ४०० पासून २,००० कॅनेडियन डॉलर आणि ३ डिमेरिट पॉइंट. फक्त पोलिसांपुरतं समजू नका, टो ट्रक आणि रस्त्याच्या कामाच्या गाड्या बऱ्याच ठिकाणी धरतात, आणि फ्लोरिडा, न्यूयॉर्कने २०२४ पासून हझार्ड दिवे लावून बंद पडलेली साधी गाडी पण त्यात घेतली. व्हर्जिनियात ते २०२३ पासूनच आहे, फक्त साध्या गाडीसाठी ते इन्फ्रॅक्शन आहे, रेकलेस नाही. म्हणून समन्सवरचा कोड आणि कुठल्या गाडीबद्दल लिहिलंय ते दोन्ही वाचून इथे टाका, नाव-पत्ता आणि लायसन्स नंबर झाकून. काउंटी कुठली तेही सांगा, मग वकिलाला विचारायचे प्रश्न आपण नीट लिहून काढू.